कोगनोळी नाक्यावरची आंबील

दाढेच्या दुखण्यावर पाच दिवस अँटिबायोटिक घेतली. दाढ दुखायची थांबली, पण पोट बिघडलं. मी टिळकवाडीतल्या शाळेत शिकवतो. त्या आठवड्यात फळ्यावरचं वाक्य अर्धं टाकून दोनदा वर्गाबाहेर धावलो.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मारलेत. रोज ताक, दही, आंबवलेलं काहीतरी घ्या. जोडीला भाज्या, डाळी. त्या जंतूंनाही जेवायला लागतं."

हे मी वडगावला थोरल्या बहिणीला, आक्काला सांगितलं. तिच्या घरी दिवसभर माग खडखडतात, तरी 'आंबवलेलं' एवढं तिनं बरोबर ऐकलं. "डाक्टरला आत्ता कळलं व्हय?" म्हणत तिनं नाचणीचं पीठ भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी ते शिजवून, गार करून, ताक घालून आंबील केली.

त्याच दिवशी आम्ही दोघं कोल्हापूरला तिच्या लेकीकडे निघालो. आक्कानं दोन लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरली, झाकण आवळलं आणि माझ्या मांडीवर ठेवली. उन्हात बस तापली. निपाणी येईतो बाटली फुगून टणक झाली आणि झाकणाच्या कडेनं आंबट वास सुटला.

"आक्का, झाकण सैल करू?"

"गप बस रं, सांडंल."

राज्याच्या सीमेवर, कोगनोळी नाक्याला निवडणुकीची तपासणी होती. पोलीस बसमध्ये चढला आणि आंबट वासाचा माग काढत थेट माझ्यासमोर आला.

"येनिदु? दारू?" हे काय, म्हणून त्यानं कानडीत विचारलं.

"औषध," मी चाचरत म्हणालो. त्यानं संशयानं झाकण फिरवलं.

फस्सकन आवाज झाला. निम्मी आंबील त्याच्या वर्दीवर, मिशीवर आणि थोडी बसच्या छताला. माझी नोकरी जाताना मला स्पष्ट दिसली. पोलिसानं मिशीवरून जीभ फिरवली.

"अंबली!" तो म्हणाला.

"व्हय, आंबीलच ती," आक्का म्हणाली. "ह्याचं पोट बिघडलंय. तुमाला बरं हाय का?"

"एल्ली, आक्का! कुठलं बरं! उन्हात उभा राहून लई जळजळतंय."

झालं! आक्कानं पिशवीतून पेला काढला. त्यानं दोन पेले रिचवले, पदरानं मिशी पुसायची तिची तयारी मात्र नाकारली. पुढं ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि दोन बायका उरलेली आंबील चाखत आक्काला नाचणीचं प्रमाण विचारत होत्या.

कोल्हापूरला माझ्या वाट्याला रिकामी बाटली आली. पुढे रोज आंबील प्यालो आणि पंधरा दिवसांत पोट ठीक झालं. आंबिलीनं की गोळ्या थांबल्यानं, हे डॉक्टरांना नक्की सांगता येईना. आक्काला येतं, आणि ती न विचारता सांगते.