‘म’ची गड्डी

प्रकाशनसंस्थेत त्यांना सगळे सूचीबाई म्हणत. कोण कुठल्या पानावर आहे हे सांगणारी पुस्तकाच्या शेवटची सूची त्या सत्तावीस वर्षं करत होत्या, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे त्यांचं स्वतःचंच मत असलं तरी खरं होतं. दर माणसाची एक चिठ्ठी, तिच्यावर शाईने नोंद आणि पानांचे आकडे. शिवाय माणूस डोक्यात पक्का बसावा म्हणून कंसात पेन्सिलीने स्वतःचा शेरा: ‘चुलता (हेकट)’, ‘डॉक्टर (घाबरट)’. चिठ्ठ्या छपाईला देण्याआधी त्या सगळे शेरे खोडरबराने साफ करत, म्हणून आजवर सगळ्या लेखकांचे गोतावळे सुखाने नांदले.

मग कालव्यांच्या एका निवृत्त इंजिनिअरचं आत्मचरित्र आलं. भल्या माणसाने नावं टाळून सगळ्यांना नात्यांनीच संबोधलं होतं. सूचीबाईंनी ‘भ’पर्यंतचे शेरे खोडले, तेवढ्यात चहा आला. चहा संपल्यावर त्यांनी थेट ‘य’ची गड्डी हातात घेतली. पुढे ती सूची कोणी तपासली नाही, कारण ती सूचीबाईंची होती.

छापून आलं ते असं: ‘मामा (थापाड्या)’, ‘मावशी (गोड बोलून कामं काढणारी)’, ‘मी (अति), १ ते ३१२’, ‘मुख्याध्यापक (झोपाळू)’, ‘मेव्हणा (आयतोबा), ६१’.

मामा आणि मुख्याध्यापक केव्हाच वर गेले होते. मावशीला दिसत नव्हतं. लेखकमहाशय आठ दिवस धुमसले, पण त्यांच्या सुनेने फोन करून बाईंचे आभार मानले. मेव्हणा मात्र हयात होता, त्याची नजर शाबूत होती आणि त्याने वकील गाठला. अब्रुनुकसानीच्या दाव्यात मागण्या दोनच होत्या: पुस्तक मागे घ्या, आणि ही नोंद करणाऱ्या बाईला कामावरून काढा.

“बाई, माझ्या अगदी जिवावर येतंय,” मालक म्हणाले, “पण पुस्तक वाचवायचं तर...” पुढचं त्यांनी गिळलं. बाईंना समजायचं ते समजलं. त्या टेबलाशिवाय आपलं दुसरं काही नाही, हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी त्यांचा डबा भरलेलाच घरी गेला.

न्यायालयाने आधी समझोत्याचा प्रयत्न करा म्हणून लेखकमहाशयांसकट सगळ्यांना एका मध्यस्थबाईंकडे पाठवलं. तारखांवर तारखा पडल्या. बाकावर बसून बसून हात शिवशिवायला लागले, तशी बाईंनी वेळ घालवायला त्या चाळीस पानी दाव्याचीच सूची करून टाकली. चौथ्या तारखेला मध्यस्थबाईंनी विचारलं, “हे काय आणलंय?”

“सवय हो,” सूचीबाई ओशाळून म्हणाल्या. त्यांच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

मध्यस्थबाई मोठ्याने वाचू लागल्या. “अब्रू, तीन आणि सतरा. नुकसान, सतरा. बहीण, दोन, चार, पाच, सहा, नऊ, दहा, बारा...” त्या अडतिसाव्या पानापर्यंत वाचत गेल्या, आणि मग समोरच्या किरकोळ म्हाताऱ्याकडे बघून म्हणाल्या, “काका, हा दावा नक्की कशाचा आहे?”

म्हाताऱ्याने आपल्या वकिलाला हातानेच थांबवलं. “ताई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. हे कालव्यांवर फिरत होते. तिला भरवणं, औषधं देणं, केस विंचरणं, सगळं मी केलं. नोकरी सोडून केलं. आणि पुस्तकात काय, तर ‘मेव्हणा तेव्हा आमच्याकडेच राहायचा.’ एवढंच! वर या बाई म्हणतात आयतोबा!”

सूचीबाईंचा चेहरा उतरला. सत्तावीस वर्षं आपण एकेका वाक्यावरून माणसं तोलत आलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. शेजारी लेखकमहाशय चष्मा पुसत राहिले, चष्मा स्वच्छ असूनही. मग ते म्हणाले, “मी घरी यायचो तेव्हा तिची वेणी घातलेली असायची. कोण घालतं, हे मी कधी विचारलंच नाही.”

बाईंनी पिशवीतून कोरी चिठ्ठी काढली. “काका, माझं चुकलं. तुम्हीच सांगा, काय नोंद करू?”

म्हाताऱ्याने लेखकमहाशयांकडे बोट केलं. “यांचा मेव्हणा नको,” तो म्हणाला. “तिचा भाऊ लिहा.”

दावा मागे घेतला गेला. बाईंचं टेबल जागेवर राहिलं. लेखकमहाशयांनी पुढच्या आवृत्तीसाठी नऊ पानं नव्याने लिहिली आणि ‘मी (अति)’ मात्र तसंच ठेवायला सांगितलं. सुनेचा हट्ट होता.

नवी आवृत्ती आली त्या सकाळी म्हातारा स्वतः कार्यालयात आला. नवीन पानं त्याने उघडलीच नाहीत. उभ्या उभ्याच शेवट काढला आणि ‘भ’वर बोट ठेवलं: ‘भाऊ, पत्नीचा, ६१ ते ७०’. त्याने ते दोनदा वाचलं.

“कंसात काही नाही?” त्याने विचारलं.

“नाही हो काका. या वेळी सगळं खोडलंय. दोनदा तपासलं.”

“म्हणजे पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतंत?”

“लिहिलं होतं.”

म्हाताऱ्याने पुस्तक मिटून काखेत घेतलं. “ते राहू द्यायचं होतंत,” तो म्हणाला.