दोन खोल्यांचं पोट

रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी ती पोटाला टेप गुंडाळायची आणि आकडा मशीनच्या फळीखाली खडूने लिहायची. गिऱ्हाइकांची मापं वहीत, स्वतःचं माप फळीखाली. तिथे कुणी वाकून बघत नसे.

ती गणवेश आणि उशांचे अभ्रे शिवायची. याआधी दोनदा दिवस राहिले, दोनदा पाचव्या महिन्याच्या आत गेले. दोन्ही वेळा सासूबाईंनी चौकशी उरकून गुन्हेगार पकडला होता: शिलाई मशीन. पाय मारून मारून सुनेने नातू घालवले, हे त्या कोपऱ्यावरच्या दुकानापासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत सांगून आल्या. नवरा विजेचे मीटर वाचायचा. दारोदारचे आकडे टिपणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या घरातलं काही वाचता येत नसे.

तिसऱ्या वेळी सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई थबकल्या. उजवं मूत्रपिंड जागेवर नव्हतंच, जन्मापासून नव्हतं. मग त्यांनी गर्भाशय निरखलं. हे अवयव शेजारीशेजारी घडतात, एकाची घडण चुकली की दुसऱ्याचीही चुकू शकते, असं त्या म्हणाल्या. गर्भाशय मधोमध दुभागलेलं होतं. जणू दोन अरुंद खोल्या, आणि त्यातल्या एकीत बाळ. जागा अपुरी, म्हणून ते लवकर येण्याची भीती. मूत्रपिंड एकच, म्हणून रक्तदाब चढण्याची. "पण यातूनही पुष्कळ बायका नीट बाळंत होतात. तपासणी चुकवायची नाही. आणि मशीनचा यात काडीचाही दोष नाही."

शेवटचं वाक्य सोबत आलेल्या सासूबाईंच्या कानात शिरलंच नाही. त्यांनी दोन खोल्या तेवढ्या उचलल्या. रिकामी खोली देव कशाला बांधेल? जुळीच असणार, दुसरं लाजून मागे बसलंय, म्हणून यंत्राला दिसत नाही. संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली आणि कालची करंटी सून एकदम गुणाची ठरली. ज्या मशीनने दोन नातू घालवले, त्याच मशीनवर सासूबाईंनी प्रत्येक झबलं, प्रत्येक टोपडं दोन-दोन शिवून मागितलं. तिने शिवलं. वाद घालण्यापेक्षा टीप मारणं सोपं.

आठव्या महिन्यात फळीखालचा आकडा आठ दिवस जागचा हलला नाही. पाय सुजले, डोकं ठणकू लागलं. सासूबाई म्हणाल्या, दोघं दाटीवाटीने बसलीत, तू आपली पडून राहा. तिने टेप गळ्यात तसाच ठेवला, चपला घातल्या आणि एकटीच दवाखाना गाठला.

रक्तदाब भडकला होता. बाळाची वाढ थांबली होती आणि ते पायाळू होतं. तासाभरात ऑपरेशन झालं. मुलगी. पावणेदोन किलोची, पण रडली मात्र घरची मालकीण असल्यासारखी.

सासूबाईंनी काचेच्या पेटीत पाहिलं, मग पेटीच्या मागेही वाकून पाहिलं. नर्सने दोनदा सांगितलं की एकच होतं. तेव्हा त्या सुनेच्या खाटेपाशी आल्या आणि शिंप्याने कापड मारल्याचा संशय आलेल्या गिऱ्हाइकासारख्या तिच्याकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मग ती जास्तीची झबली उसवून टाकू का?"

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "एक वाळत असताना दुसरं लागेलच की."