नानीचा नारळ आणि बार्बाडोसचा समुद्र

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो, नंतर धीर व्हायचा नाही. चुका काय, आयुष्यात पुष्कळ केल्या. पण जिच्याबद्दल लोक माझा मान करतात अशी चूक ही एकच.

चौऱ्याण्णव-पंचाण्णवची गोष्ट. तुर्भ्याला बिस्किटांचे पुडे बांधायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात मी फिटर होतो आणि बोनकोड्याला नानीच्या चाळीत भाड्यानं राहत होतो. नानी म्हणजे घरमालकीण. गावातली जुनी आगरी बाई, नवरा खाडीत होडी घालायचा. भाड्याला दोन दिवस उशीर झाला तर बोलायची नाही, पण आमच्या हिनं आमटीत खोबरं कमी घातलं तर दारात उभी राहून बोलायची.

तर आमचं एक यंत्र चक्क बार्बाडोसला गेलं आणि ते बसवायला मला पाठवायचं ठरलं. बार्बाडोस हे नाव आम्ही फक्त क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ऐकलेलं! कुणीतरी सांगितलं, तिथं समुद्र इतका नितळ की डोळ्यांना काच आणि तोंडात नळी लावून माणसं वरूनच मासे बघत तरंगतात. मी म्हटलं, बघू की. साताऱ्याकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस मी, मला कसलं टेन्शन?

निघायच्या आदल्या दिवशी नानी आली. हातात नारळ. शेंडीवाला, हळदकुंकू लावलेला.

"बाला, मोट्या दर्याला चाललास. पान्यान पाय टाकायच्या आदी यो नारल दे. माज्या नावानं दे."

मी म्हटलं, नानी, तिकडं नारळाचीच झाडं आहेत म्हणे, तिथलाच एखादा देतो.

"त्याचाच त्याला देऊन काय उपेग? घरचा द्यायचा." मग म्हणाली, "आमची खाडी बुजवली, होडी इकली. मालक गेल्यापासून दर पुनवेला चिखलान नारल टाकते मी. दर्या मना आता कुठं भेटतंय?"

मी नारळ घेतला आणि शब्द दिला. बनियनमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवला.

तिकडच्या विमानतळावर साहेबानं बॅग उघडली. त्यानं नारळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नारळाच्या झाडांची ही रांग! त्यानं दुसऱ्या साहेबाला बोलावलं. दोघं पोट धरून हसले आणि नारळ परत माझ्या हातात दिला. हसलो मीही, पण खरं सांगू का, त्या नारळाची मला पहिल्यांदा लाज वाटली ती तिथं. पुढचं सगळं त्या लाजेनंच केलं.

यंत्र झकास बसलं. बिस्किट कारखान्याचा मालक क्लाइव्ह म्हणून होता, उंचापुरा, दिलदार माणूस. खूश होऊन रविवारी तो सगळ्या कारखान्याला समुद्रावर घेऊन गेला. त्याची म्हातारी आईसुद्धा आली, छत्रीखाली खुर्ची टाकून बसली. पाणी असं, की कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसावीत. क्लाइव्हनं मला काच आणि नळी दिली. मी म्हटलं, एक मिनिट.

पिशवीतून नारळ काढला, काठाशी गेलो, डोळे मिटून हात जोडले. नानीचं नाव घेणार, तेवढ्यात मागून क्लाइव्हचा आवाज आला, "हे काय आहे?"

वळून बघतो तर वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांची नजर नारळावर.

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? सरळ सांगितलं असतं ना, की आमच्यात समुद्राला नारळ देतात? मलाही येत होतं तेवढं इंग्रजी. पण डोळ्यांपुढं विमानतळावरचे ते दोन साहेब आले आणि तोंडातून निघालं, "हा आमच्याकडचा एक खेळ आहे."

"अस्सं? मग हा लाल रंग कसला?"

"टीमचा," मी म्हटलं.

झालं! माणसं खेळ म्हटल्यावर पेटलीच. कसा खेळतात, विचारायला लागली. आता नियम कुठून आणू? मी म्हटलं, नारळ पाण्यात फेकायचा आणि काच-नळी लावून शोधून आणायचा. डोकं वर काढलं की बाद. मनात म्हटलं, फेकू तर दे, कुणाला सापडतोय? नानीचं काम होऊन जाईल.

मी जीव खाऊन फेकला. दोन मिनिटांत पॅकिंगमधली एक जाडजूड बाई नारळ घेऊन माझ्यापुढं हजर.

पुन्हा फेकला, पुन्हा आणला. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून मनातल्या मनात म्हटलं, "बाबा दर्या, यावेळी तरी ठेवून घे." फेकला. मागं सगळे हात वर करून ओरडत होते. क्लाइव्हनं पाण्यात उभं राहून नेमका तेव्हाच फोटो काढला.

तरीही नारळ परत आला.

शेवटी मी म्हटलं, आता मी आणतो. काच लावली, नळी तोंडात धरली, नारळ फेकून त्याच्यामागं उडी घेतली. विहिरीतलं पोहणं ते, हातपाय धबाधबा आपटत! पण काचेतून खाली बघितलं आणि थबकलोच. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे माझ्या पोटाखालून निवांत चाललेले. वाटलं, नानीला हे दाखवायला हवं होतं. खूप लांब गेलो, नारळ दोन्ही हातांत धरला आणि नळीतून बोलता येत नाही म्हणून मनातच म्हटलं, नानीच्या नावानं. आणि सोडला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

काठाला येतो तर क्लाइव्ह माझ्या मागोमाग नारळ डोक्यावर धरून येतोय. जिंकला होता तो.

मग विजयाच्या आनंदात त्यानं नारळ खडकावर फोडला. सगळ्यांना एकेक तुकडा वाटला. मलाही दिला आणि मी तो खाल्ला. गोड होता हो, तेच जास्त लागलं.

क्लाइव्हच्या आईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, माझा नवरा मासेमारीला निघाला की माझी आई समुद्रात थोडी रम ओतायची. हात जोडलेले पाहून मला वाटलं, तूही तसलंच काहीतरी करतोयस. तुमच्याकडं नाही का तशी चाल?

त्या अख्ख्या किनाऱ्यावर ज्या एका माणसाला सगळं कळलं असतं, त्या माणसानं मला सरळ विचारलं होतं. आणि मी तोंडातलं खोबरं गिळून म्हटलं, "नाही हो, हात झटकत होतो."

घरी आलो ते ठरवूनच, की नानीला खरं सांगायचं. नानी ओट्यावर वाट बघत बसलेली.

"दर्यानं घेतला?"

तिचं तोंड असं होतं, की मी म्हटलं, "घेतला."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत जाऊन माझ्यासाठी तांदळाची तळलेली गोड बोरं घेऊन आली. ती मी खाल्ली. मला तेव्हा काहीही पचत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण महिन्याभरानं क्लाइव्हनं टपालानं तो फोटो पाठवला आणि आमच्या हिनं कौतुकानं नानीला नेऊन दाखवला. फोटोत काय? मी डोळे मिटून उभा, नारळ आभाळात, आणि मागं परक्या मुलखातली वीस-पंचवीस माणसं दोन्ही हात वर करून समुद्राकडं तोंड केलेली.

नानीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "तिकडच्या समद्यांनी दर्याला गाऱ्हानं घातलं गं माज्या नारलासाठी."

तो फोटो आजही तिच्या देवघरात आहे. नारळी पुनवेला त्याला कुंकू लागतं, आणि गावातल्या बाया जमल्या की नानी मला पुढं करते. "मोट्या दर्याला नारल देऊन आलेला मानूस हाय." मी मान खाली घालून उभा राहतो, कारण वर बघितलं की समोर फोटोत मीच असतो.

आणि नानी बायांना सांगते, "बगा, एवडा मोटा होऊन पन मान वर करीत नाय."