तणसाच्या भाऱ्यामागे

दोनशे किलोमीटरच्या त्या सायकल राइडमध्ये समोरच्या वाऱ्यानं माझं सगळं अवसान काढून घेतलं. लाखनीच्या एका टपरीवर वेळेत पोहोचून राइडच्या कार्डावर शिक्का घ्यायचा होता, आणि मी मात्र गावाच्या बऱ्याच अलीकडे रस्त्याकडेला केळं खात बसलो होतो.

तेवढ्यात एक काका काळ्या सायकलवरून आले. कॅरिअरवर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, एवढा रुंद भारा की मागून पाहणाऱ्याला भाराच पायडल मारतोय असं वाटावं.

"काहून बसला, बाप्पा?"

"वारा फार आहे, काका."

"मंग माह्या मांगं ये. वारा भाऱ्याले लागते, तुले नाही."

मी नियम सांगितला. वाटेत बाहेरच्या कोणाची मदत चालत नाही. काका मनापासून हसले. "मी कोठं मदत करून राहिलो? मी तं घरी जाऊन राहिलो."

मी भाऱ्यामागे लागलो. वारा खरंच थांबला. काड्या मात्र हेल्मेटात, कानात, तोंडात. काका मान न वळवता गप्पा मारायचे आणि पुढे चिटपाखरू नसलं तरी घंटी वाजवायचे.

लाखनीची घरं दिसली तसे ते खाली उतरले. "जाय आता."

थोडं पुढे जाऊन मी मागे पाहिलं. भारा आल्या रस्त्यानंच परत चालला होता.

टपरीवर शिक्का मारणाऱ्यानं माझ्या हेल्मेटातली काडी उपसली. "बाहेरच्या कोणाची मदत घेतली नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "एक काका घरी जात होते."