माझ्या लॅम्पचं बटण

रविवार, १८ जानेवारी. सकाळी शहापूरच्या वाचनालयात गेले. तिथल्या हातकामाच्या वर्गाचा शेवटचा दिवस होता. दुपारी शेणव्याला घरी आले.

मी इथे ग्रुपवर फारसं लिहीत नाही. पण आज किळस आली आहे.

आठ महिन्यांपूर्वी मिस्टर गेले, तेव्हा मला साधा बल्ब बदलता येत नव्हता. या वर्गात मी टेबललॅम्प केला. लाकूड कापलं, वायर सोलली, होल्डर जोडला. आपलं आपल्याला जमेल, असं पहिल्यांदा वाटलं.

आज समारोपाला समईऐवजी माझाच लॅम्प लावायचं ठरलं होतं. मी पुढे झाले, तर आयोजक बाई हळूच म्हणाल्या, "वयनी, तुमी नको. शुभ कामाला सवाष्ण बरी. शोभाला दाबू दे."

वर्गातल्या शोभाने बटण दाबलं. लॅम्प लागेना.

लगेच हाक आली, "वयनी, या ना जरा! बघा काय झालंय."

दुरुस्तीला माझा हात चालतो. प्लग काढला, निसटलेली वायर पुन्हा स्क्रूखाली आवळली, प्लग लावून बटण दाबलं. लॅम्प लागला. बाईंनी तो चटकन बंद केला. "हां शोभा, आता दाब."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याचीच जास्त किळस येते.

तुमच्यापैकी किती जणींनी अशा टाळ्या वाजवल्यात?

लॅम्प मी घरी आणला आहे. आता तो लावून उद्याचे तांदूळ निवडायला बसते.