वाकडा छापलेला कागद

जूचंद्रच्या आमच्या घरमालककाकांइतका वाकडेपणाशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडायचा नाही. दारातल्या चपला ते सरळ करत, मग त्यांत पाहुण्यांचे पाय असोत. एका लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना ते उठले, एका बाजूने उतरलेला अंतरपाट वर केला आणि "हां, आता बोला" अशी भटजींना परवानगी देऊन जागेवर येऊन बसले. हा अधिकार त्यांनी कमावलेला होता. देवळापुढची रांगोळी वर्षानुवर्षं त्यांच्याच हातची. दोरी न धरता ते चिमटीतून वीस हात रेघ सोडत, आणि ती सरळच येई.

गेल्या वर्षी त्यांनी माझ्या दाराच्या चौकटीवर आरोप ठेवला. "मास्तर, ही मधी वाकलीय." गवंडी बोलावला. त्याने ओळंबा सोडून चौकट सरळ असल्याचं दाखवलं, तर काकांनी ओळंबाच वाकडा ठरवून त्या बिचाऱ्याला हाकलून दिलं. मी पोट धरधरून हसलो. पुढे जत्रेत त्यांच्या रांगोळीची किनार मध्येच आत गेलेली दिसली आणि माझं हसू जिरलं. सगळे "वा काका" म्हणाले. मीही म्हणालो.

काकांचा डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. आता एकुलत्या उजव्याच्या पडद्याखाली पाणी साचलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बारीक चौकोनांचा एक कागद दिला. रोज बघायचं आणि रेघा वाकड्या दिसल्या तर सांगायचं. पुढच्या खेपेला काकांनी तो अभिमानाने दाखवला. मधल्या रेघांवर काळ्या पेनाने नव्या रेघा ओढल्या होत्या, सगळ्या बाक आलेल्या. "तुमचा कागद वाकरा छापलाय. मी सरल केला."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पाणी आपोआप आटायची वाट बघून झाली. आता हाताच्या शिरेतून औषध द्यायचं आणि डोळ्यावर दीड मिनिट प्रकाश सोडायचा. त्या प्रकाशाने औषध आत कामाला लागतं. नजर पूर्ववत होईलच असं मात्र सांगता येत नाही.

"मंग रांगोली?" काकांनी विचारलं. बाईंनी उपचाराची तारीख लिहून माझ्या हातात दिली.

उपचारानंतर दोन दिवस उन्हाचा कवडसाही अंगावर घ्यायचा नव्हता. काका काकूंची शाल पांघरून, काळा चष्मा लावून, निरभ्र आकाशाखाली छत्रीतून घरात शिरले. खिडक्यांना गोधड्या लावल्या. त्या अंधारातही ते चाचपडत गोधडीचे काठ जुळवत होते. मध्येच थांबून म्हणाले, "माजी रेग वाकरी येते, गावाला ठावूक व्हतं. कोन बोललं नाय. तुमी पन नाय, मास्तर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दीडेक महिन्याने ते तोच कागद घेऊन, काकूंसह, माझ्या दारात उभे. भडकलेले. "हे काले फराटे कोनी मारले? नुसते वाकरे!"

"तुमीच," काकू म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

काकांनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. मग चौकटीकडे. "त्या गवंड्याला बोलवा, मास्तर. त्याचा ओलंबा सरल व्हता."

यंदाच्या जत्रेत त्यांची रेघ एका जागी जराशी ढळली. या वेळी मी जवळ जाऊन तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, तेवढा तुकडा पुसला आणि पुन्हा चिमूट भरली.