बेशरमीचं कुंपण

आमच्या घराच्या खालच्या अंगाची जमीन आठ महिने धरणाच्या पाण्याखाली असे. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही काकडी, भुईमूग लावायचो आणि भोवती बेशरमीचं कुंपण करायचो. काठाला ती माजलेलीच असे. फांदी तोडून चिखलात खोचली की आठ दिवसांत धुमारे फुटत. पोकळ दांडे, पिंपळासारखी पानं, तोडल्यावर पांढरा चीक, फिकट जांभळी कर्ण्यासारखी फुलं. सगळं गाव तिचंच कुंपण करी, कारण एकच: तिला जनावर तोंड लावत नाही.

नव्वदच्या दशकातल्या एका कोरड्या साली आमच्या शेळीनं तोंड लावलं. त्या कुंपणाशी तिला मीच बांधलं होतं. मी जुन्नरला कॉलेजात शिकत होतो, दोन दिवसांसाठी घरी आलो होतो. घरात आई आणि ती शेळी, एवढंच. आसपास दुसरं हिरवं काही उरलं नव्हतं, म्हणून आईला बरंच वाटलं. "खाती तर खाऊ दे. लई आवडीनं खाती," म्हणाली. मग रोज बेशरमीची एक जुडी स्वतःच तोडून आणू लागली.

परीक्षा संपवून परतलो तेव्हा शेळीची मान थरथरत होती. चार पावलं टाकली की मागचे पाय एकमेकांत अडकायचे. दारावरून जाताना चुलते हसले, "काय वैनी, शेळीला पाजली का काय? पार डुलाया लागली!"

आई हसली नाही. "भावजी, दूध बी आटलंय तिचं."

जनावरांच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. फरक पडला नाही. मी पुस्तकं परत करायला जुन्नरला गेलो आणि ग्रंथालयात वनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक चाळत बसलो. एका पानावर आमचं कुंपण होतं. खाली लिहिलं होतं की उपाशी जनावर ती एकदा खाऊ लागलं की त्याला तिची चटक लागते, मग ते दुसरा चारा सोडतं. विष हळूहळू मज्जातंतूंत भिनतं. तिच्यापासून लवकर तोडलं तर जनावर सावरतं. उशीर झाल्यास उपाय नाही. ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. कशासाठी, कोण जाणे.

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "उशीर म्हंजी किती?"

ते पुस्तकात नव्हतं.

मी घराजवळचं कुंपण उपटून जाळलं. आई लांबून शेवरीचा पाला आणायची, शेळीच्या तोंडाशी धरून बसायची. शेळी मान वळवून पाण्याकडे बघत ओरडायची. काठाला बेशरम तशीच होती. ती सगळी कोण उपटणार? पुढे कोवळं गवत आलं, तेही तिनं हुंगून सोडलं. मग तिला उठता येईना.

एका सकाळी आई काठावर गेली आणि बेशरमीची एक डहाळी घेऊन आली. मी आडवा आलो.

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "आता तरी तिच्या मनासारखं खाऊ दे."

शेळीनं पडल्या पडल्या दोन पानं खाल्ली. दुपारी ती गेली.

आईच्या शेवटच्या आजारात तिनं एकदा गोड चहा मागितला. मी पथ्याचा कागद काढून तिला वाचून दाखवला. ती ऐकत राहिली, मग तिनं मान भिंतीकडे वळवली. तिनं पुन्हा मागितला नाही.